पोलीस ठाण्यातली माहिती: लोक वारंवार विचारतात ते प्रश्न

पोलिसांकडून काही माहिती हवी असली की बहुतेक लोक ओळखीच्या माणसाकरवी साहेबांना फोन लावतात. ओळख नसेल तर गप्प बसतात. कायद्याने दिलेला रस्ता सगळ्यांना सारखाच खुला आहे, पण तो माहीत नसतो. हवा तो कागद नाव घेऊन मागायचा, लेखी मागायचा आणि पोच घ्यायची, एवढाच तो रस्ता आहे. पुढची उत्तरं महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. खाली नुसतं ‘संहिता’ म्हटलं आहे ते हिलाच, आणि दुसऱ्या कायद्याचा संदर्भ नसेल तिथे कलमांचे क्रमांकही तिचेच.

पोलिसांकडे माहिती मागण्याचा हक्क मला कुठून मिळतो?

दोन ठिकाणांहून मिळतो. तुम्ही फिर्यादी, पीडित, आरोपी किंवा त्यांचे नातेवाईक असाल तर संहिता आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल थेट हक्क देतात. तुमचा प्रकरणाशी काहीच संबंध नसेल तरी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. तिथे नागरिक असणं पुरतं, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती कलम ६(२) प्रमाणे कुणी करू शकत नाही.

पहिला रस्ता उपलब्ध असेल तर आधी तोच धरा. एफआयआरची प्रत फिर्यादीला त्याच दिवशी मिळायला हवी. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस थांबणं म्हणजे स्वतःचाच हक्क लांबणीवर टाकणं.

मी तक्रार दिली. ती नोंदली गेली की नाही, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ठाण्यात दिलेल्या तक्रारीचं तीनपैकी काहीतरी एक होतं: तक्रार अर्ज, एनसी किंवा एफआयआर.

तक्रार अर्ज म्हणजे तुमचा कागद आवक नोंदवहीत चढवून कुणातरी हवालदाराकडे ‘चौकशीला’ दिला जातो. हातात पडते ती शिक्का मारलेली पोच. लोक ती घेऊन समाधानाने घरी जातात आणि गुन्हा दाखल झाला असं समजतात. झालेला नसतो. अर्जावर तपास होत नाही, अटक होत नाही आणि न्यायालयाला त्याचा पत्ताही नसतो.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम १७४ प्रमाणे पोलीस ती वहीत घेतात आणि तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते तपास करू शकत नाहीत. एनसीची प्रत तिथल्या तिथे मागून घ्या.

एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिला गुन्हा रजिस्टर नंबर असतो, म्हणजे ‘गु.र.नं.’, पुढे तिरकी रेघ आणि वर्ष. तुमच्या कागदावर गु.र.नं. आणि कलमं नसतील तर तो एफआयआर नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलं. नव्या संहितेने एक सवलत दिली आहे. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, गुन्हा सकृतदर्शनी घडलाय का हे पाहण्यासाठी, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते. ती चौदा दिवसांत संपवावी लागते. म्हणून ‘तुमचा अर्ज चौकशीवर आहे’ असं कुणी सांगितलं की विचारा: परवानगी कुणी दिली, कुठल्या तारखेला? हा प्रश्न शांतपणे विचारला तरी अनेकदा अर्ज हलतो.

‘ही हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवलं तर?

हद्दीच्या कारणावरून तक्रार नाकारता येत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो. ऑनलाइनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नकारच दिला तर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर आयुक्त कार्यालयाला, लेखी टपालाने कळवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टपालाची पावती जपून ठेवा, पुढे तीच तुमचा पुरावा असते.

एफआयआरची प्रत कुणाला मिळते? पैसे लागतात का?

फिर्यादीला आणि पीडिताला ती ताबडतोब आणि मोफत मिळते. कलम १७३(२) मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. झेरॉक्सचे पैसे मागणंही चूक आहे.

आरोपीचा किंवा इतरांचा प्रश्न युथ बार असोसिएशन खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये सुटला. एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, अडचण असेल तर ४८ तास, इंटरनेटची सोय नसलेल्या दुर्गम भागात फार तर ७२ तास, असा तो आदेश आहे. आरोपीने किंवा त्याच्या वतीने कुणी अर्ज केला तर पोलिसांनी २४ तासांत प्रमाणित प्रत द्यायची.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा विभाग आहे. तारखा, जिल्हा आणि पोलीस ठाणं निवडलं की यादी येते. गावातल्या किंवा प्रभागातल्या ठाण्यात महिनाभरात काय काय नोंदलं गेलं, हे त्या यादीतून घरबसल्या दिसतं. पत्रकारांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी, सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी ही यादी अधूनमधून पाहावी असं मला मनापासून वाटतं.

पोर्टलवर आमचा एफआयआर दिसतच नाही.

तो संवेदनशील ठरवला गेला असेल. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद अशा गुन्ह्यांचे एफआयआर टाकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण हा निर्णय उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. संवेदनशील म्हणून प्रत नाकारली तर आरोपी अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे दाद मागू शकतो. त्यावर तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

घरच्या माणसाला पोलीस घेऊन गेलेत आणि कुठे ठेवलंय ते कुणी सांगत नाही. काय करू?

अशा वेळी कुठलाही अर्ज लिहीत बसू नका, आधी ठाण्यात जा. एकटे जाऊ नका.

संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष असतो. तसंच प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा एक नेमलेला अधिकारी असायला हवा. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची नोंद ठेवणं ही त्याची जबाबदारी. ती माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असते, फलकावर किंवा डिजिटल पडद्यावर. आत शिरलात की आधी भिंती पाहा. फलक सापडला नाही तर ठाणे अंमलदाराला विचारा: ‘कलम ३७ प्रमाणे नेमलेले अधिकारी कोण आहेत?’ ‘साहेब बाहेर गेलेत’ हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही, कारण नोंद ठाण्यातच असायला हवी.

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे तयार व्हायला हवा आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. अटक झालेल्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची आणि ठेवलेल्या जागेची खबर द्यायला हवी. हे नियम मूळ डी. के. बसू खटल्यातले, डिसेंबर १९९६ च्या निकालातले. आज ते संहितेच्या कलम ३६ आणि ४८ मध्ये आहेत.

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. ‘अटक नाही, नुसती चौकशीला आणलंय’ असं सांगितलं तर कलम ३५(३) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस दिली होती का ते विचारा. नोटीस नाही, अटकेची नोंद नाही आणि माणूसही सोडत नाहीत, अशी वेळ आली तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी याचिका, करता येते. माहितीच्या अधिकारातही जीविताच्या किंवा स्वातंत्र्याच्या प्रश्नावर ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण त्या घडीला वकील आणि न्यायालय हेच जास्त उपयोगी पडतं.

अटक का केली, हे लेखी मिळतं का?

मिळायला हवं. संविधानाच्या अनुच्छेद २२(१) मुळे कारणं सांगणं आधीपासूनच बंधनकारक होतं. ती लेखी द्यावीत हे सर्वोच्च न्यायालयाने पंकज बन्सल खटल्यात २०२३ साली मनी लाँडरिंगच्या प्रकरणांसाठी सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या प्रकरणात हा नियम सगळ्याच गुन्ह्यांना लागू केला गेला. कारणं अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत हवीत. लगेच देता आली नाहीत तर न्यायालयात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्यायची.

तपास कुठवर आला, हे दर वेळी जाऊन विचारावं लागतं.

आता कळवणं हे पोलिसांचं काम आहे. कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला सांगायची असते, फोनवर, मेसेजने, कशीही. एकही खबर आली नसेल तर तपासी अंमलदाराला याच कलमाचा उल्लेख करून चार ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या.

दोषारोपपत्र आणि केस डायरी पाहता येते का?

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते. पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही मिळते, आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. मात्र ते सरसकट संकेतस्थळावर टाकायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली. केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, ही न्यायालयासाठी असते. आरोपीलाही ती मागता येत नाही.

‘बी समरी झाली’ असं सांगतात. म्हणजे काय?

आपल्याकडे तपास बंद करण्याच्या अहवालाला समरी म्हणतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. ‘बी’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची, खरीही नाही आणि खोटीही नाही.

या अक्षरांकडे दुर्लक्ष करू नका. तुमच्या फिर्यादीवर ‘बी’ लागली तर खोटी फिर्याद दिल्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. पोलीस फक्त अहवाल देतात, तो स्वीकारायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. स्वीकारण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच भगवंत सिंग खटल्यात सांगितलं आहे. नोटीस आली की तारीख चुकवू नका. अहवालाची प्रत मागा आणि हरकत लेखी नोंदवा.

माहिती अधिकाराचा अर्ज पोलिसांकडे कसा करायचा?

नमुना ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. राज्य सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. प्रतींना पानामागे दोन रुपये लागतात, आणि कागद नुसते पाहायचे असतील तर पहिल्या तासाला काही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसायला हवा. जन माहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण, याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

अर्ज बाद होतो तो बहुतेक वेळा प्रश्नाच्या मांडणीमुळे. ‘माझ्या तक्रारीवर कारवाई का झाली नाही?’ असं लिहिलं की उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’. कायदा अभिलेखावर असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. तोच प्रश्न कागदांच्या नावाने असा विचारता येतो:

‘मी दि. ___ रोजी ___ पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रार अर्जाबाबत (आवक क्र. ___) पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) आवक नोंदवहीतील संबंधित नोंद. २) हा अर्ज चौकशीसाठी ज्या अधिकाऱ्याकडे सोपवला तो आदेश. ३) चौकशी अहवाल, तयार असल्यास. ४) प्राथमिक चौकशीसाठी उपअधीक्षकांनी दिलेली परवानगी. यांपैकी एखादे कागदपत्र अभिलेखावर नसल्यास तसे लेखी कळवावे.’

शेवटची ओळ कधीही गाळू नका. ‘परवानगी अभिलेखावर नाही’ असं सही-शिक्क्याचं उत्तर हातात आलं, की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तुमची बाजू भक्कम होते.

‘तपास सुरू आहे, कलम ८(१)(ज) प्रमाणे माहिती देता येत नाही’ असं उत्तर आलं.

माहितीमुळे तपासाला, आरोपीला पकडण्याला किंवा खटल्याला अडथळा येणार असेल तर ती नाकारता येते, हे खरं. पण तपास चालू आहे एवढं कारण पुरेसं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगत सिंग खटल्यात सांगितलं की अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवून द्यायला हवं. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे त्याच्यावरच असतो. शिवाय कलम १० आहे: कागदाचा काही भाग गुप्त असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा. साक्षीदाराचं नाव झाकता येतं म्हणून अख्खी फाईल झाकता येत नाही. पहिल्या अपिलात हे मुद्दे याच शब्दांत मांडा.

आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारलं तर?

इथली वाट अलीकडे अरुंद झाली आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच रोखता येत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती मोजमापं काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून नुसती ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं. पोलिसांच्या बाबतीत हा बदल मला घातक वाटतो. कुठल्या अधिकाऱ्याने काय केलं हीच तर माहिती हवी असते, आणि अधिकाऱ्याचं नाव आलं की कागदावर ‘वैयक्तिक’ असा शिक्का मारणं आता सोपं झालं आहे.

कलम ८(२) मात्र शाबूत आहे. उघड करण्यातलं जनहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जात ‘का’ सांगण्याची सक्ती नसली तरी अशा प्रकरणांत जनहित काय आहे ते दोन वाक्यांत स्वतःहून लिहा.

तीस दिवस झाले, काहीच उत्तर नाही.

उत्तर न देणं हा नकारच समजला जातो. पुढच्या तीस दिवसांत नमुना ‘ब’ मध्ये पहिलं अपील करा, वीस रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून. त्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय हवा. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोग दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल करू शकतो. मुदतीनंतर दिलेली माहिती मोफत द्यावी लागते. आयोगाकडे बराच काळ थांबावं लागतं, हे मनाची तयारी म्हणून सांगून ठेवतो. म्हणून खरा जोर पहिल्या अपिलावर लावा. सुनावणीला स्वतः जा.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज मिळतं का?

परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले: प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे, लॉबी, निरीक्षकांची खोली, आवार. चित्राबरोबर आवाजही, आणि रात्री दिसेल असे. फुटेज १८ महिने ठेवायचं, तसं उपकरण मिळत नसेल तर किमान एक वर्ष. ठाण्याच्या दारात आणि आत, लोकांच्या भाषेत, ‘इथे सीसीटीव्ही आहे’ असा फलक हवा. मानवी हक्कांचं उल्लंघन झालं तर फुटेज जतन करून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, हेही त्या फलकावर लिहायला हवं. सगळीकडे हे झालेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला बंद आणि नसलेल्या कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

मारहाण, धमकी, जबरदस्तीने सही असं काही घडलं असेल तर फुटेज मागण्याआधी ते जतन करायला सांगा. त्याच दिवशी अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला पत्र द्या: ‘दि. ___ रोजी ___ ते ___ या वेळेतील ___ पोलीस ठाण्याच्या सर्व कॅमेऱ्यांचे फुटेज न्यायालयीन वापरासाठी जतन करावे.’ वेळ तासा-दोन तासांची, नेमकी लिहा. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यात प्रत मागा आणि सोबत कॅमेऱ्यांच्या देखभालीची नोंदवहीही मागा. ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीला कधी कळवलं हे त्या वहीतून समजतं.

ठाण्यात मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर गुन्हा होतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्याखालचं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही. त्यामुळे तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याने गुन्हा होत नाही. पण कामात अडथळा आणल्याचा आरोप वेगळ्या कलमाखाली होऊ शकतो. तेव्हा अंतर ठेवा, आवाज चढवू नका, आणि शेजारी तक्रार द्यायला बसलेली बाई किंवा मूल चित्रात येऊ देऊ नका.

घराची झडती घेतली. आम्हाला काय कागद मिळायला हवा?

जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची सह्या असलेली प्रत. झडतीच्या वेळी घरातल्या माणसाला हजर राहू द्यायला हवं. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्ती यांचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. चित्रीकरण होत नसेल तर पंचनाम्यावर सही करताना तसं लिहा.

अपघातातल्या गाडीची आणि विम्याची माहिती?

भरपाई मागणाऱ्याला ती मिळते. मोटार वाहन कायद्याचं कलम १६० पाहा: गाडीची ओळख, चालकाचं नाव-पत्ता आणि विमा कंपनी यांची माहिती ठाण्याने द्यायची असते.

शेजाऱ्यावर किंवा निवडणुकीच्या उमेदवारावर किती गुन्हे आहेत, हे कळू शकतं का?

शेजाऱ्याचा गुन्हेगारी इतिहास पोलीस तुम्हाला देणार नाहीत, आणि देऊही नये. उमेदवाराची गोष्ट वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे खटले शपथपत्रात जाहीर करावे लागतात, आणि ती शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात.

गुन्ह्यांचे आकडे कुठे मिळतात, आणि त्यांवर किती विश्वास ठेवायचा?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा देशाचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. महाराष्ट्राचा अहवाल पुण्यातला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग काढतो. देशाचा अहवाल फार उशिरा येतो. २०२३ सालचे आकडे सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस बाहेर आले.

वाचताना लक्षात ठेवा की एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणीत सगळ्यात गंभीर एकच धरतात. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनात मोजला जातो. आणि हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. एखाद्या ठाण्यात महिलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे अचानक वाढले तर कदाचित तिथे तक्रार घेणारी चांगली अधिकारी आली असेल. आकडा वाढला म्हणून ठाणे प्रभारीला धारेवर धरलं, की पुढच्या वर्षी एफआयआरच्या जागी तक्रार अर्ज वाढतात. लोकप्रतिनिधींनी आणि वर्तमानपत्रांनी हे समजून घ्यायला हवं.

चकमकीत किंवा कोठडीत मृत्यू झाला तर कुठली कागदपत्रं तयार होतात?

कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते, आणि २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं. चकमकीबाबत सप्टेंबर २०१४ चा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणांवरून आला: एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठांच्या देखरेखीखाली करायचा आणि दंडाधिकारीय चौकशी व्हायची. नातेवाइकांनी या प्रत्येक कागदाचा क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी.

सगळंच उघड करायला लागलं तर पोलिसांनी काम कसं करायचं?

सगळं उघड करा असं कायदा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. खबऱ्याचं नाव, साक्षीदाराचा पत्ता, उद्याच्या छाप्याची जागा लपलेलीच राहायला हवी. पण ठाण्यात किती माणसं कामावर आहेत, गाडीला डिझेल किती मिळतं, अर्ज किती दिवस पडून आहेत, ही माहिती लपवून कुणाचं संरक्षण होतं? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या सतरा बाबी कुणी न मागता प्रसिद्ध करायच्या असतात. त्या पाहिल्या तर बारा-बारा तास ड्युटी करणाऱ्या शिपायाचे हालही लोकांना दिसतील. प्रामाणिक अंमलदाराला कागदाची भीती नसते. वरून दबाव आला तर ‘नोंद झालेली आहे साहेब’ एवढं म्हणायला त्याला तोच कागद उपयोगी पडतो.

पोलिसांनीच नियम मोडले तर तक्रार कुठे?

वरिष्ठांकडे, मानवी हक्क आयोगाकडे किंवा राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. प्रकाश सिंग खटल्यातल्या सप्टेंबर २००६ च्या आदेशानंतर महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायदा दुरुस्त करून हे प्राधिकरण आणलं. तक्रारीत घटना तारखेनिशी लिहा आणि वर सांगितलेल्या पोचपावत्या जोडा.

मिळालेली कागदपत्रं समाजमाध्यमांवर टाकली तर चालतील का?

माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर प्रसिद्ध करायला हरकत नाही. टाकण्याआधी फोन नंबर, पत्ते, आधार क्रमांक आणि साक्षीदारांची नावं काळी करा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायदाही लागतो. नाव न लिहिता गाव, शाळा किंवा नात्यावरून ओळख पटत असेल, तरी तेवढा मजकूर झाकूनच कागद पुढे पाठवा.